केसगळती : आधी प्रकार ओळखा, मग बाटली उघडा

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ येते आणि तिचा हिशेब डोक्यावर दिवाळीच्या आसपास निघतो. या महिन्यात केसांविषयी इतकी पत्रं आली ती त्यामुळेच. बहुतेक पत्रांत औषध आधीच सुरू झालेलं आहे, आणि 'हे नेमकं काय झालंय' हा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत आलाय. ताप, बाळंतपण, आनुवंशिकता, बुरशी, प्रतिकारशक्तीचा बिघाड, मुळांभोवतीची सूज या सगळ्यांत केस गळतात. काहींत नुसता धीर धरला तरी पुरतं, काहींत एक महिन्याची दिरंगाईही महागात पडते. म्हणून उत्तरं देताना आम्ही औषधाच्या नावाइतकाच भर ओळखीवर दिला आहे.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, पाच दिवस रुग्णालयात होते. आता नोव्हेंबरात केस मुठीनं येतात. न्हाल्यावर मोरीची जाळी तुंबते. टक्कल पडेल का? मुलगी म्हणते बायोटिन घे. (वय ३८, वारजे)

टक्कल पडणार नाही. तुमच्या पत्रातल्या तारखाच निदान सांगतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत. विश्रांतीतला केस जवळजवळ तीन महिने जागेवर राहतो आणि मग गळतो. जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, अपघात, महिन्याभरात सात-आठ किलो वजन उतरवणारं डाएट यांपैकी काही घडलं की वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. ते गळतात तीन महिन्यांनी. तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष बदललेल्या शाम्पूला देतो. केस अचानक गळायला लागले की कॅलेंडरची तीन पानं मागे उलटून पाहावीत.

गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा बोंडासारखा भाग दिसला तर तो विश्रांती पूर्ण करून गळलेला केस आहे. मूळ डोक्यातच आहे आणि तिथूनच नवा केस येतो. घरी एक तपासणी करता येते. न्हाण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानाच्या वरचे ५०-६० केस अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हलका ताण देत बोटं सरकवा. असं डोक्याच्या तीन-चार ठिकाणी करा. प्रत्येक ठिकाणी सहाहून जास्त केस हातात आले तर गळती अजून जोरात आहे. एक-दोन आले तर ती ओसरत आली आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक असतं. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईला एका न्हाणीत दोनशे केस दिसले तर ते तीन-चार दिवसांचे साठलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

ही गळती तीन ते सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे शेपटा पहिल्यासारखा दाट दिसायला वर्ष-दीड वर्ष जाईल. कपाळालगत उभे राहणारे आखूड केस दिसू लागले की समजा, भरून येतंय.

तपासण्या करायच्याच तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढ्या पुरेत. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ताप किंवा सूज असताना हा आकडा खोटा वर जातो, म्हणून ताप उतरल्यावर महिन्याभरानं करा. प्रयोगशाळेच्या कागदावर १२-१५ च्या पुढचा आकडा 'नॉर्मल' छापलेला असतो, पण केसांसाठी तो ४० च्या वर असलेला बरा, असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. कमी असेल तर ६० मिलिग्रॅम लोह मिळेल अशी गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. रोज दोन गोळ्या घेतल्यानं साठा दुप्पट वेगानं भरत नाही, बद्धकोष्ठ मात्र होतो.

बायोटिन या जीवनसत्त्वाची खरी कमतरता फार दुर्मिळ आहे. ज्याला ती नाही त्याला ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळीनं केस दाट होत नाहीत. उलट या डोसमुळे थायरॉइडच्या तपासण्या चुकीच्या येऊ शकतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी 'नॉर्मल' दिसू शकते. घेतच असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस थांबवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

सहा महिन्यांनंतरही गळती चालूच राहिली किंवा भांग रुंद होत गेला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तापानंतरची गळती कधीकधी आधीपासून हळूहळू चाललेली आनुवंशिक विरळता उघडी पाडते.

बाळ चार महिन्यांचं आहे. माझे केस खूप गळतायत. सासूबाई म्हणतात, बाळ तोंड ओळखायला लागलं की आईचे केस जातात. काही लावू का? (सिंहगड रोड)

सासूबाईंचं निरीक्षण वेळेच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस गळायचे थांबलेले असतात. बाळंतपणानंतर ते थांबलेले सगळे केस दोन ते चार महिन्यांत एकदम गळतात, आणि नेमकं त्याच वयात बाळ ओळख दाखवायला लागतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक बायकांचे केस पूर्ववत होतात. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल (केस उगवण्यासाठी डोक्याला लावायचं औषध) लावू नका. बाळंतपणातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मधेच सोडू नका. डिंकाचे-अळिवाचे लाडू खुशाल खा, पण त्यांच्या जोडीला वरण, अंडी, दही रोज हवं. छातीत धडधड, हाताला कंप किंवा उलट फार सुस्ती जाणवत असेल तर टीएसएच करून घ्या. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येते ती पुष्कळदा 'बाळंतपणाचा थकवा' म्हणून दुर्लक्षिली जाते.

एक गोष्ट मात्र आजपासून करा. आईचा गळलेला लांब केस बाळाच्या मोज्यात, दुपट्यात अडकून पायाच्या बोटाला करकचून गुंडाळला जातो. बोट सुजतं, लाल-निळं होतं, बाळ रडत राहतं आणि कोणाला कारण कळत नाही. रोज मालिश करताना हातापायांची प्रत्येक बेचकी उघडून पाहा, मुलगा असेल तर शिश्नही. मोजे उलटे करून धुवा. केस रुतलेला दिसला आणि सहज सुटला नाही तर ओढत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतायत. वडिलांना टक्कल आहे. मेडिकलमधून ५ टक्के मिनॉक्सिडिल आणलं, तीन आठवडे लावतोय तर केस जास्तच गळायला लागले. बंद करू का? (वय २५, हिंजवडी)

बंद करू नका. अशा गळतीला घाबरून पुष्कळ जण बरोबर याच आठवड्यात औषध सोडतात. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या केसाला ढकलून त्या जागी नवा केस उगवायला लावतं. त्यामुळे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते आणि मग आपोआप उतरते.

तुमचा प्रकार पुरुषी टक्कल म्हणतात तो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कपाळाच्या आणि टाळूच्या मुळांना आनुवंशिकतेमुळे ते सोसत नाही. दर फेरीत केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी लव उरते. ही आनुवंशिकता वडिलांकडून येते तशी आईकडूनही येते, म्हणून आईकडच्या मामा-आजोबांकडेही बघावं. केसांत नव्हे, मुळांत हे घडत असल्यानं कुठलाही शाम्पू किंवा तेल यावर चालत नाही. उपयोग सिद्ध झालेली औषधं मोजकीच आहेत. त्यांत लावायचं मिनॉक्सिडिल पहिलं.

ते लावण्यात जवळजवळ सगळे चुकतात. मात्रा एका वेळी १ मि.लि., दिवसातून दोनदा. ड्रॉपरवर खूण असते. डोकं पूर्ण कोरडं हवं. केसांचे भांग पाडत औषध कातडीवर टाकायचं आणि बोटानं पसरायचं. केसांवर ओतलेलं औषध वाया जातं. त्यानंतर किमान चार तास डोकं धुवायचं नाही, हेल्मेट लगेच घालायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याआधी दोन तास लावा, नाहीतर ते उशीला लागून चेहऱ्यावर येतं आणि गालावर लव वाढते. हात साबणानं धुवा. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आले तर दोष बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. तेव्हा औषध न सोडता फोम वापरून पाहा. घरात मांजर असेल तर फार जपा. मिनॉक्सिडिल मांजरांना प्राणघातक ठरतं, तुमच्या डोक्याला किंवा उशीला चाटूनही.

आज एक फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी, कोरड्या केसांचा तसाच फोटो काढा. आरशावर विश्वास ठेवू नका. सहा महिन्यांआधी निकाल नाही, पूर्ण अंदाज वर्षभरानं. आणि हे औषध सोडलं की तीन ते सहा महिन्यांत मिळवलेले केस परत जातात. हे आधी कबूल असेल तरच सुरू ठेवावं.

गळती थोपवायला १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची रोजची गोळी जास्त परिणामकारक असते, कारण ती डीएचटीच कमी करते. पण ती दुकानातून परस्पर घ्यायची नाही. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरपणा कमी होणं, मन उदास होणं हे दुष्परिणाम दिसतात. पूर्वी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तरी सांगा. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली गोळी तिनं हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. चाळिशी-पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी कराल तेव्हा ही गोळी चालू असल्याचं सांगणं विसरू नका, कारण तो आकडा ती जवळपास निम्म्यावर आणते.

पोटात घ्यायचं मिनॉक्सिडिलही अलीकडे कमी मात्रेत देतात. ते मुळात रक्तदाबाचं औषध आहे. पाय सुजणं, धडधडणं, अंगभर लव वाढणं हे त्याचे ज्ञात त्रास आहेत. मित्राच्या चिठ्ठीवर ते घेण्याची गोष्ट नाही.

आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी आहे. इथे राहायला आल्यापासून केस गेले. शॉवरला फिल्टर लावू का? (वाघोली)

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. त्यानं साबणाला फेस येत नाही, केसावर थर बसतो, केस राठ होतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो. मूळ मात्र त्यामुळे मरत नाही. खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्या कोथरुडातल्या माणसालाही टक्कल पडतंच. कंगव्यातले केस पाहा: लांबी वेगवेगळी आणि टोकाला पांढरं बोंड नाही, तर ते तुटलेले आहेत. पूर्ण लांबीचे आणि बोंडासकट असतील तर कारण पाण्यात शोधू नका.

शॉवरला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ अडवतात, क्षार नाही. क्षारांसाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो, तोही मिठानं वेळोवेळी ताजा करावा लागतो. टीडीएस मीटरचा आकडा (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) म्हणजे पाण्याचा कठीणपणा (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) नव्हे. कठीणपणाची चाचणी वेगळी असते. स्वस्तात करायचं तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचे घ्या, प्रत्येक वेळी केसांच्या खालच्या निम्म्या भागाला कंडिशनर लावा आणि पंधरवड्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरा. ओले केस मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून मुळाकडे सरकत सोडवा.

सात वर्षांच्या नातवाच्या डोक्यावर रुपयाएवढा भाग केस जाऊन मोकळा झालाय. मी म्हणते चाई आहे, बिब्बा लावू. सून डॉक्टरकडे चला म्हणते. (कसबा पेठ)

आजी, या वेळी सुनेचं ऐका. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. फोड येतात, व्रण राहतो आणि जिथे केस सहज परत आले असते तिथे ते कायमचे जातात. गुंजांचा लेप तर विषारी असतो, तोही नको.

त्या जागेकडे नीट बघा. कातडी गुळगुळीत, चकचकीत, खाज नाही, पापुद्रे नाहीत, आणि कडेचे एक-दोन आखूड केस मुळाशी बारीक, वर जाड असे असतील तर चाई. तिथे कुठलाही किडा केस खात नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. मुळं मरत नाहीत, म्हणून एक-दोनच चट्टे असतील तर पुष्कळ मुलांचे केस वर्षभरात काही न करताही परत येतात. सुरुवातीला ते पांढरे येतात, नंतर काळे होतात. लहान मुलांना स्टेरॉइडचं मलम किंवा लोशन ठरावीक मुदतीत देतात. मोठ्यांना चट्ट्यातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, साधारण एकेक सेंटीमीटर अंतरावर ०.१ मि.लि., दर चार ते सहा आठवड्यांनी. खोल किंवा जास्त मात्रेत दिली तर कातडीला खड्डा पडतो, म्हणून सराव असलेला हात हवा. डोकं, भुवया, अंगावरचे केस सगळेच जाऊ लागले तर प्रतिकारशक्तीचा हा हल्ला थोपवणारी जॅक इनहिबिटर गटाची औषधं आता आहेत. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि यकृताची तपासणी झालीच पाहिजे.

पण तिथे पापुद्रे असतील, खाज असेल, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील तर तो डोक्यातला नायटा आहे, म्हणजे बुरशी. मुलांत हा भरपूर आढळतो. याला नुसतं मलम लावून भागत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात उतरलेली असते. वजनानुसार पोटातून ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे किंवा टर्बिनाफिन द्यावं लागतं. ग्रिसिओफुल्विन तूप-दूध असलेल्या जेवणासोबत दिलं तरच नीट शोषलं जातं. उपाशीपोटी देऊन 'गुण आला नाही' म्हणण्यात अर्थ नाही. बुरशीवर स्टेरॉइडचं मलम चोळलं तर ती पसरते, म्हणून आधी पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं महत्त्वाचं. पुवानं भरलेला मऊ फुगवटा आला तर तो गळू समजून कापून घेऊ नका, तोही बुरशीचाच असतो. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा, भावंडांची डोकी तपासा. औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळा बुडवायची गरज नाही आणि चमनगोटाही नको.

वय ५९. कपाळाची केसांची रेषा दोन वर्षांत बोटभर मागे गेली. भुवयाही विरळ झाल्या. थोडी खाज असते. वयामुळेच ना? (सहकारनगर)

सगळ्यांत आधी उत्तर द्यावं असं पत्र तुमचं आहे. वयामुळे विरळ होणारे केस भांगात विरळ होतात, कपाळाची रेषा बहुधा टिकते. रेषा मागे सरकणं, भुवया जाणं आणि खाज ही तिन्ही एकत्र असतील तर मुळांभोवती सूज येऊन ती व्रणात बदलण्याचा आजार असू शकतो. पाळी गेल्यानंतरच्या बायकांत तो दिसतो. यात गेलेलं मूळ परत येत नाही. उपचार उरलेले केस वाचवण्यासाठी असतात, म्हणून प्रत्येक महिना मोलाचा.

या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. ते डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी पाहायच्या भिंगानं, मुळांची छिद्रं शिल्लक आहेत का आणि प्रत्येक केसाभोवती लालसर कडं, खवले आहेत का ते पाहतील. शंका असेल तर जागा बधिर करून ४ मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतील. तो सुजलेल्या कडेचा घ्यावा लागतो. मधल्या गुळगुळीत भागाचा घेतला तर नुसता व्रण दिसतो आणि निदान हुकतं. उपचारांत स्टेरॉइडची इंजेक्शनं, डॉक्सिसायक्लिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, पाळी गेलेल्या बायकांना फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड यांतून निवड होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ चाललं तर डोळ्यांचा पडदा नियमित तपासावा लागतो. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटांची इंजेक्शनं), केसरोपण असलं काही या टप्प्यावर कोणी सुचवलं तर नकार द्या. सूज चालू असताना रोपलेले केसही जातात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, खोली सदाशिव पेठेत, जेवण मेसचं. केस विरळ होतायत म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या रोज दोन-तीन गोळ्या घेतो. चालेल ना? (वय २३)

नाही. एक सोडून दोन-तीन घेणं सरळ घातक ठरू शकतं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम दोन्ही जास्त झाले की केस गळतात. सेलेनियमची मोठ्यांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले तेव्हा रक्तात वाढलेल्या सेलेनियमचीच चर्चा झाली होती. गोळीच्या पाकिटामागचं लेबल वाचा.

मेसच्या ताटात कमी पडतात ती प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम लागतात. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम, मेसच्या पातळ आमटीत त्याहून कितीतरी कमी. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत जवळपास २५, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८. खोलीवर दोन अंडी उकडा किंवा रात्री मटकी भिजत घाला, त्यात गोळीपेक्षा जास्त फायदा आहे. तरीही कपाळाचे कोपरे किंवा टाळू यांवरूनच केस जात असतील तर वरचं हिंजवडीच्या वाचकाला दिलेलं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

मुलगी वीस वर्षांची. भांग रुंद झालाय, पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात. (औंध)

तिन्ही गोष्टी एकाच धाग्यातल्या दिसतात. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असेल तर पुरुषी संप्रेरकं वाढून डोक्यावरचे केस बारीक होतात आणि हनुवटीवरचे जाड. केसांच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञही हवेत. संप्रेरकांच्या तपासण्या, साखर, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि फेरिटिन पाहतात. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवलं तरी पुष्कळदा पाळी सुधारते. डोक्याला मिनॉक्सिडिल, बायकांसाठी २ टक्के दोनदा किंवा ५ टक्के एकदा. पुरुषी संप्रेरकांना अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. त्यावर असताना गर्भ राहता कामा नये, आणि गुण दिसायला सहा महिने तरी लागतात. आवाज घोगरा होणं, काही महिन्यांतच चेहऱ्यावर-अंगावर झपाट्यानं केस वाढणं अशी लक्षणं असतील तर थांबू नका, त्यामागे संप्रेरक तयार करणारी गाठ असू शकते.

ती रोज घट्ट उंच पोनी घालत असेल तर तेही सोडायला सांगा. सतत ताण पडून कपाळ-कानशिलांचे केस जातात. वर्षानुवर्षं चाललं तर ते परत येत नाहीत. शाळकरी मुलींच्या करकचून घातलेल्या दोन वेण्या आणि नाचाच्या क्लासचा घट्ट अंबाडा यांनाही हेच लागू.

'एका दिवसात ४००० ग्राफ्ट, वेदनारहित' अशी जाहिरात पाहिली. वय २९. करून घेऊ का? (पिंपरी)

केसरोपण चांगलं होतं, पण योग्य माणसावर आणि योग्य हातानं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस डीएचटीला दबत नाहीत. तेच मुळासकट छोट्या पुंजक्यांत (त्यांनाच ग्राफ्ट म्हणतात) काढून पुढे लावतात, नवे केस कोणी तयार करत नाही. बहुतेकांच्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात पाच-सहा हजारच ग्राफ्ट निघतात. २९ व्या वर्षी त्यातले ४००० कपाळाची रेषा खाली आणण्यात घालवले तर पंचेचाळिशीत टाळू उघडी पडेल तेव्हा भरायला काही उरणार नाही. म्हणून आधी किमान सहा महिने ते वर्ष औषधानं गळती स्थिर करा. रोपणानंतरही औषध चालूच ठेवावं लागतं, कारण रोपलेल्या केसांच्या मधले जुने केस गळतच राहतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावं. त्यात त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन येतात. तेव्हा तिथे विचारा: छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर की तंत्रज्ञ? डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? माझ्या वजनाला बधिर करण्याच्या औषधाची कमाल मात्रा किती आणि ती कोण मोजणार? रक्तदाब, नाडी, प्राणवायू सतत पाहिला जातो का, तातडीची औषधं खोलीत आहेत का? बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची मात्रा ओलांडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, आणि एका बैठकीत ग्राफ्ट जितके जास्त तितकं हे औषधही जास्त लागतं. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर अनामत न देता उठा.

रोपलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळून पडतात, मुळं आतच राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे दिसू लागतात, अंतिम रूप ९ ते १२ महिन्यांनी. लग्नाच्या तारखेआधी दोन महिने हे करायला जाऊ नका.

हेल्मेटमुळे केस जातात म्हणून मुलगा ते घालत नाही. (कात्रज)

हेल्मेटनं टक्कल पडत नाही. मूळ रक्तातून प्राणवायू घेतं, डोक्याला बाहेरून हवा लागण्याशी त्याचा संबंध नाही. फार घट्ट हेल्मेट रोज त्याच जागी घासत असेल तर तिथले केस तुटू शकतात, तेव्हा मापाचं घ्या. घामानं कोंडा वाढत असेल तर आत पातळ सुती टोपी घालून ती रोज धुवायची, आणि २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे वापरायचा. कोंडा असताना रात्रभर तेल चोपडून ठेवू नका. ज्या बुरशीमुळे कोंडा होतो ती तेलावरच वाढते. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांनी धुऊन उन्हात वाळवा.